नानांची शुगर, फ्लू आणि फोनवरचे सल्ले

पत्र (थोडं कापून देतोय):

"सर, नमस्कार. माहेर चोपडा तालुक्यात, मी शिरपूरला दिलेली. वडील, आम्ही नाना म्हणतो, वय 64, शुगर बारा वर्षांपासून. बिडी सोडून बरीच वर्षं झाली पण थंडीत छातीत घरघर होते. मागच्या आठवड्यात ताप-खोकला आला, तीन दिवस गावातच औषध घेतलं. भूक नव्हती म्हणून भावाने शुगरच्या गोळ्या बंद केल्या, पोटात काही नाही तर शुगर कशी वाढेल असं वाटलं. चौथ्या दिवशी धाप लागली म्हणून जळगावला प्रायव्हेटमध्ये ॲडमिट केलं. फ्लू पॉझिटिव्ह, न्यूमोनिया, ऑक्सिजन 88, शुगर 412, तीन महिन्यांची शुगर 9.6. आता ऑक्सिजन 2 लिटरवर आलाय, उठून बसताय. डॉक्टर म्हणे शुगर आहे म्हणून रिस्क जास्त. इन्सुलिन सुरू केलंय, त्यावरून आप्पा काका रोज फोन करताय की एकदा लागलं की सुटत नाही, बिल वाढवताय. स्टिरॉइड पण देताय, त्याने तर शुगर वाढते ना? आणि इतकं करून शुगर 170-180 च येते, 110 का करत नाही? आमच्या गल्लीतल्या एका काकांचा 2021 मध्ये काळ्या बुरशीत डोळा गेला म्हणून आई रडतेय की तिनेच नानांना गोड खाऊ घातलं. नाना म्हणे, माले काहीच व्हयेल नई, घर चला. आम्ही काय करायचं? आणि भुसावळच्या आत्याला पण शुगर आहे, तिला डेंग्यू निघालाय, ताप उतरलाय, प्लेटलेट 90 हजार, घरीच आहे, चालेल का?"

ताई, नानांना मी तपासलेलं नाही, फाईल बघितलेली नाही, त्यामुळे तिथले डॉक्टर काही वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका, माझं नाही. पण पत्रावरून सांगतो, 88 वर आलेला माणूस 2 लिटरवर बसून घरी जायचं म्हणून भांडतोय हे चांगलं लक्षण आहे, गप्प पडून राहणाऱ्या पेशंटची मला जास्त काळजी वाटते. आत्याचं मात्र खाली वाचायची वाट बघू नका, तिला आजच दवाखान्यात न्या, कारण पुढे सांगतो.

आधी ते "रिस्क जास्त" प्रकरण, कारण ते दोन शब्द डॉक्टर राउंडला घाईत बोलून पुढच्या बेडकडे जातात आणि नातेवाईक रात्रभर त्यावर विचार करत कॉरिडॉरमध्ये बसतात.

रिस्क जास्त हे खरं आहे. 2009 चा स्वाइन फ्लू आठवत असेल, ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि आपल्याकडे रुमाल बांधून फिरायची लाट आली. त्याच साथीचा हिशोब कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मांडला गेला तर दिसलं की डायबेटिसवाल्यांना ॲडमिट व्हायची वेळ इतरांच्या तिप्पट आली, आणि ॲडमिट झालेल्यांमध्ये आयसीयूत जायची शक्यता चौपट. मग कोविड. इंग्लंडमध्ये 2020 च्या मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत हॉस्पिटलमध्ये जे तेवीस हजारांवर मृत्यू झाले त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना डायबेटिस होता, वय वगैरे सगळं वजा करूनही टाइप 2 वाल्यांचा धोका साधारण दुप्पट निघाला. आपल्या जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर त्या उन्हाळ्यात देशभर गाजत होता, त्याला कारणं बरीच होती, पण उशिरा येणारा, शुगर-बीपीवाला, साठीच्या पुढचा पेशंट हे चित्र तेव्हा ज्यांनी ड्युटी केली त्या सगळ्यांना पाठ आहे.

आता दुसरी बाजू, जी सांगायला कोणाला वेळ नसतो. फ्रान्समध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत ॲडमिट झालेल्या डायबेटिसच्या तेराशेवर पेशंटचा अभ्यास झाला, कोरोनाडो नावाचा. सरासरी वय सत्तरच्या आसपास, लस नव्हती, औषधं नीट कळलेली नव्हती, तरी सातव्या दिवशी दहातला साधारण एक गेलेला होता. एक गेला हे वाईटच आणि पुढच्या तीन आठवड्यांत तो आकडा अजून वाढला, ते लपवत नाही. पण "शुगर आहे म्हणजे आता हातात काही नाही" असं जे तुमच्या घरात वातावरण झालंय ते आकड्यांना धरून नाही. आणि नानांना फ्लू आहे, 2020 चा कोविड नाही, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे नानांना चिकटवूही नका.

डायबेटिसमुळे नेमकं बिघडतं काय? शुगर खूप वर असली की जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त होतात, जागेवर उशिरा पोहोचतात, पोहोचल्या तरी नीट गिळत नाहीत. मग व्हायरसने फुफ्फुस सोलून ठेवलं की मागून बॅक्टेरियाचा न्यूमोनिया घुसायला सोपं जातं. लघवीतून साखर जाते तिच्यासोबत पाणी जातं, पेशंट आधीच तापाने सुकलेला, किडनीवर ताण. रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. आणि हार्ट, याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं: फ्लू कन्फर्म झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकची शक्यता साधारण सहा पट होते असं 2018 मध्ये कॅनडाच्याच एका अभ्यासात दिसलंय, आणि जुन्या डायबेटिसमध्ये नसा बोथट झालेल्या असतात त्यामुळे छातीत दुखतच नाही, नुसता घाम, मळमळ, अस्वस्थ वाटतं, पेशंट म्हणतो ॲसिडिटी झाली. म्हणून तिथे ईसीजी परत परत काढत असतील तर "किती वेळा काढता" म्हणून कटकट करू नका.

म्हणजे धोका एकट्या साखरेचा नसतो, वय, वजन, किडनी, हार्ट, फुफ्फुस असं सगळं तिच्यासोबत येतं. यातलं वय आज बदलणार नाही, बिडी ओढली ती ओढली. पण ॲडमिट असताना रोजची शुगर किती राहते हे बदलता येतं, आणि माझ्या मते सगळ्या घराने सध्या तेवढ्याच एका गोष्टीला धरून बसावं.

चीनच्या हुबेई प्रांतात 2020 मध्ये टाइप 2 डायबेटिसच्या कोविड पेशंटमध्ये हेच बघितलं. ज्यांची शुगर हॉस्पिटलमध्ये 70 ते 180 च्या दरम्यान राहिली त्यांच्यात मृत्यू साधारण 1 टक्का, आणि ज्यांची 180 च्या वर जात राहिली त्यांच्यात 11 टक्के. आता यातलं सगळं श्रेय शुगरला देऊ नका, कारण जो जास्त आजारी असतो त्याची शुगर आपोआपच जास्त चढते, कोंबडी आधी की अंडं आधी असा गुंता आहे त्यात. तरी एवढा मोठा फरक बघून सोडून द्यायचा नसतो.

आणि आईंना हे नक्की वाचून दाखवा. त्या फ्रान्सच्या अभ्यासात तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी, आणि पेशंटचं पुढे काय झालं याचा संबंध लागला नाही, ॲडमिट होतानाची शुगर आणि वजन यांचा लागला. इंग्लंडच्या मोठ्या आकडेवारीत एचबीए1सी जास्त असलेल्यांचे मृत्यू जास्त दिसलेत, म्हणून 9.6 काही चांगला रिपोर्ट नाही आणि पुढे त्यावर काम करायचंच आहे. पण मागच्या आखाजीला आमरस-पुरणपोळी वाढली म्हणून नाना आज ऑक्सिजनवर आहेत असा हिशोब कोणतंच मेडिकल सायन्स मांडत नाही. व्हायरसने न्यूमोनिया झालाय, पोळीने नाही.

एक बाजूची गोष्ट, नंदुरबार आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वाचकांसाठी: घरात सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर एचबीए1सी फसवू शकतो, खोटा कमी येतो, कारण लाल पेशी लवकर मरतात. तुमच्या डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड दाखवा, ते साध्या रक्तातल्या साखरेवरून चालतील.

आता भावाचं. त्याने जे केलं ते खान्देशातली दहातली आठ घरं करतात म्हणून त्याला झोडू नका, पण सगळ्यांनी एकदाच समजून घ्या. आजारपणात शुगर फक्त खाण्यामुळे वाढत नाही. ताप आला, इन्फेक्शन झालं की शरीर कॉर्टिसोल, ॲड्रिनालिन असली हार्मोन सोडतं, ती लिव्हरला सांगतात की गोदाम उघड आणि माल बाहेर काढ, आणि त्याच वेळी इन्सुलिनचं कोणी ऐकेनासं होतं. म्हणून दोन दिवस फक्त चहा-पाण्यावर असलेल्या माणसाची शुगर 412 येते आणि घरचे म्हणतात मशीन खराब आहे. ज्यांना डायबेटिस नव्हता अशांचीही शुगर न्यूमोनियात 200 च्या वर जाते, त्यांच्यातले काही नंतर नॉर्मल होतात आणि काहींना तेव्हाच कळतं की आपल्याला वर्षानुवर्षं शुगर होती, कोणी तपासलीच नव्हती. तिथे एचबीए1सीच सांगतो शुगर जुनी की चार दिवसांची, कारण चार दिवसांच्या तापाने तो फारसा हलत नाही.

मग आजारात गोळ्या चालूच ठेवायच्या का? सरसकट नाही, आणि म्हणूनच स्वतः ठरवायचं नसतं, फोन करून विचारायचं असतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी जेवणाशिवाय घेतली तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. मेटफॉर्मिन ही गोळी उलट्या-जुलाब, किडनीवर ताण किंवा ऑक्सिजन कमी असेल तर डॉक्टर थांबवतात. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या ज्या लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आहेत, ज्या जेनेरिक आल्यापासून स्वस्त झाल्यात आणि आता गावोगाव लिहिल्या जातात, त्या माणूस जेवत नसेल, सुकलेला असेल तर थांबवायच्याच असतात, कारण त्यात रक्तात ॲसिड साचतं आणि गंमत म्हणजे तेव्हा शुगर फार वाढलेली दिसतही नाही, 200 च्या आतबाहेर दिसते आणि पेशंट धापा टाकत असतो. याउलट जो आधीपासून इन्सुलिनवर आहे त्याने ते कधीच पूर्ण बंद करायचं नाही, डोस बदलू शकतो, बंद नाही.

अडचण अशी की आजकाल एका गोळीत तीन औषधं असतात आणि घरात कोणालाच माहीत नसतं नाना काय घेतात, "ती पांढरी लांबट गोळी" एवढंच. भावाला सांगा, घरी जाऊन सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढ, मागची बाजू पण, जिथे नाव छापलंय ती, आणि तिथल्या डॉक्टरांना दाखव. बीपीची, रक्त पातळ करायची, कोणा वैद्याची पुडी चालू असेल तर तीही, लाजायचं नाही. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि आप्पा काकांच्या सगळ्या फोनपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आता आप्पा काका. काकांबद्दल आदर ठेवून सांगतो, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. "इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही" ही समजूत कुठून आली ते मला कळतं: लोक इन्सुलिनला इतका उशीर करतात की घेतात तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात काही उरलेलंच नसतं, मग ते सुटत नाही, आणि दोष इंजेक्शनला जातो. हॉस्पिटलमध्ये इन्सुलिन द्यायचं कारण वेगळं आहे. सकाळी पेशंट अर्धी भाकरी खातो, दुपारी काहीच नाही, रात्री स्टिरॉइड चढतं, किडनीचा रिपोर्ट रोज बदलतो, अशा वेळी गोळीला चोवीस तास धरून बसता येत नाही, इन्सुलिन मात्र सहा-सहा तासांनी कमी-जास्त करता येतं. न्यूमोनिया उतरला, भूक परत आली की बऱ्याच जणांना पुन्हा गोळ्यांवर आणतात. नानांचा 9.6 बघता काही काळ घरी इन्सुलिन राहू शकतं, तसं झालं तरी आकाश कोसळत नाही. बिलाचं म्हणाल तर प्रायव्हेट हॉस्पिटलच्या बिलावर भांडायला जागा खूप असतात, साधं इन्सुलिन ही त्यातली सगळ्यात चुकीची जागा आहे.

स्टिरॉइडचा तुमचा प्रश्न मात्र एकदम बरोबर आहे. हो, त्याने शुगर वाढते, विशेषतः दुपारनंतर आणि रात्री. आणि नुसत्या फ्लूमध्ये स्टिरॉइड सरसकट देत नाहीत. पण नानांना बिडीची जुनी फुफ्फुसं आहेत, घरघर आहे, तो दम्यासारखा त्रास फ्लूने उसळला की थोडे दिवस, साधारण पाचेक दिवस, स्टिरॉइड देतात आणि त्याचा फायदा होतो. कोविडमध्येही ब्रिटनच्या 2020 च्या रिकव्हरी ट्रायलमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांश आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांश कमी केले, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काही फायदा नाही. तुमच्या गल्लीतल्या काकांसारख्यांचं 2021 मध्ये जे झालं, त्यात बहुतेक वेळा हीच गडबड होती: ऑक्सिजनची गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस स्टिरॉइड, आणि शुगर 350-400, तिकडे बघायला कोणी नाही. म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, अशाच शरीरात माजते. मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना तो नोटिफायेबल (प्रत्येक केस सरकारला कळवायलाच हवी असा) आजार करायला सांगितलं, त्यावरचं औषध ॲम्फोटेरिसिन मिळवायला लोक जिल्हे पालथे घालत होते, ते दिवस कोणी विसरलेलं नाही. आता गंमत बघा, म्युकरची भीती आहे म्हणून घरचे इन्सुलिनला विरोध करतात, जे नेमकं त्यापासून वाचवतं. स्टिरॉइड चालू आणि इन्सुलिन नको, हे कॉम्बिनेशन मी कोणाच्याच घरी होऊ देणार नाही. नाक एका बाजूने बंद, काळपट स्राव, गाल दुखणं, डोळा सुजणं, दोन-दोन दिसणं, दात हलणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, पण रोज आरसा घेऊन नानांचं नाक तपासत बसायची गरज नाही.

110 का करत नाही? कारण करून बघितलंय. 2009 मध्ये नाइस-शुगर नावाची मोठी ट्रायल झाली, आयसीयूचे सहा हजारांवर पेशंट, एका गटाची शुगर 81 ते 108 मध्ये कसून ठेवली, दुसऱ्याची फक्त 180 च्या आत. सगळ्यांना वाटत होतं पहिला गट जिंकेल. झालं उलटं, कसून ठेवलेल्यांत 27.5 टक्के मृत्यू, दुसऱ्यात 24.9, आणि शुगर धोकादायक खाली जायचे प्रकार पहिल्या गटात कितीतरी जास्त. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी आजारी पेशंटची शुगर 140 ते 180 ठेवतात. म्हणजे नानांची 170-180 येतेय तर डॉक्टरांचं काम चुकत नाहीये, उलट बरोबर चाललंय.

आणि आता तुमच्या घरच्यांचा भाग, कारण शुगर बिघडवण्यात वॉर्डातल्या नातेवाइकांचा हात मोठा असतो. मी पाहिलेला नेहमीचा प्रकार सांगतो. चारला नर्स बोट टोचायला येते, रीडिंग 340. इन्सुलिनची तयारी सुरू. मग लक्षात येतं की पेशंटने आत्ताच स्वतःच्या हाताने मोसंबी सोलून खाल्ली, बोटाला रस चिकटलाय. हात पाण्याने धुवून, पुसून, दुसऱ्या बोटाचं रीडिंग घेतलं तर 190. म्हणजे दीडशेची साखर रक्तात नव्हतीच, कातडीवर होती. त्यावर इन्सुलिन गेलं असतं तर रात्री दोनला नाना घामाघूम. म्हणून टोचायच्या आधी हात धुतलेत का, एवढं बघायला कोणीतरी एक जण ठेवा.

खाण्याचं. आता तुम्ही केळीच्या पट्ट्यातली माणसं, तुम्हाला केळं म्हणजे विष असं सांगून कोण ऐकणार, आणि ते विष नाहीही. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, म्हणजे जवळजवळ एका भाकरीएवढं. पण ते भाकरीच्या बदल्यात खायचं की भाकरीवर, आणि इन्सुलिनच्या आधी की नंतर, हा प्रश्न आहे, आणि सगळ्यात मोठा घोळ उशीखालून गुपचूप खाण्याचा आहे. रीडिंग वाढतं, डॉक्टर डोस वाढवतात, दुसऱ्या दिवशी केळं नसतं आणि डोस तोच असतो. जे खाल्लं ते नर्सला सांगा, बस्स. उलट टोकही नको, काही घरं पेशंटला चार दिवस नुसत्या मुगाच्या पाण्यावर ठेवतात. फुफ्फुस भरून यायला प्रोटीन लागतं: वरण, अंडं, दही, कळण्याची भाकरी डब्यात आणलीत तरी चालेल, फक्त झणझणीत शेवभाजी सध्या राहू द्या, खोकल्याने जीव जाईल. सलाईनच्या बाटलीवर डेक्स्ट्रोज लिहिलेलं दिसलं की लगेच आरडाओरडा करू नका, अर्ध्या लिटरच्या 5 टक्केवाल्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, पेशंट खात नसेल तर ती मुद्दाम देतात आणि तिच्या हिशोबाने इन्सुलिन देतात. विचारा जरूर, "ही मुद्दाम लावलीय ना?" एवढंच विचारा.

राउंडच्या वेळी डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेवा, नाहीतर ते समोर आले की सगळे "बरं वाटेल ना साहेब" एवढंच विचारतात. कालपासून शुगर सगळ्यात कमी किती आणि जास्त किती? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रिपोर्ट, किती? ऑक्सिजन कालपेक्षा कमी लागतोय का? स्टिरॉइड किती दिवस? आणि फ्लूची गोळी, ओसेल्टामिविर, सुरू आहे ना? ती पहिल्या 48 तासांत घेतली तर सगळ्यात चांगलं, पण ॲडमिट पेशंटला उशिरानेही देतात, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करून. पुढच्या वेळेसाठी हे लक्षात ठेवा की साथीच्या दिवसांत डायबेटिसवाल्याला जोराचा ताप-खोकला आला तर तीन दिवस "बघू" म्हणत गावात काढायचे नाहीत, पहिल्याच दिवशी डॉक्टरांना या गोळीबद्दल विचारायचं.

आता भुसावळच्या आत्या. डेंग्यूमध्ये लोक ताप उतरला की हुश्श करतात आणि खरा धोका तिथून सुरू होतो, ताप उतरतानाचे दोन दिवस रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, बीपी पडतं. साध्या तरुण माणसाला 90 हजार प्लेटलेटवर घरी ठेवता येतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या डेंग्यू गाइडलाइनमध्ये डायबेटिस असलेल्यांना सरळ दवाखान्यात नजरेखाली ठेवायच्या गटात टाकलंय. नुसत्या प्लेटलेटवर डोळा ठेवू नका, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वाढतंय का ते बघायला सांगा. आणि हिमॅटोक्रिट वाढलं की घरचं ग्लुकोमीटर खरी असते त्यापेक्षा कमी शुगर दाखवू शकतं, म्हणजे मशीनवर 150 आणि आत 200, म्हणून लॅबची शुगर हवी. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं काहीही असेल तर आज संध्याकाळ पण नको, आत्ता. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक असलं काही नाही, कंबरेत इंजेक्शन नाही. रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगा. पपईच्या पानाचा रस कोणी आणलाच तर आत्याला उलटी होणार नाही एवढं बघा, त्याच्या भरवशावर दवाखाना मात्र टाळू नका. पाणी, ओआरएस चालतं, डायबेटिसला ओआरएस चालत नाही हा गैरसमज आहे, एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं फक्त.

नानांचं शेवटचं, डिस्चार्जचं. इथे सगळे ढिले पडतात. हॉस्पिटलमध्ये स्टिरॉइड चालू असताना जो इन्सुलिनचा डोस बसवलेला असतो तोच घरी गेल्यावर, स्टिरॉइड बंद झाल्यावर, जास्त होतो. पेशंट घरी आला, सगळे खूश, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे शुगर 48. थरथर, घाम, बडबड असं काही दिसलं तर आधी बोट टोचा, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत बघा, शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. पहिले काही दिवस सकाळी उपाशी आणि रात्री जेवणाआधी शुगर वहीत लिहा आणि आठवड्याच्या आत दाखवा. बरं वाटल्यावर डॉक्टरांशी बोलून फ्लूची लस घ्या, दरवर्षी घ्यावी लागते, आपल्याकडे पावसाळ्यात आणि परत हिवाळ्याच्या शेवटी फ्लू वाढतो म्हणून पावसाळ्याआधी घेतलेली बरी, न्यूमोनियाच्या लसीचंही विचारा. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण ऑक्सिजन लागायची वेळ येण्याची शक्यता कमी होते.

आणि गाडी बोलावण्याआधी डिस्चार्ज कार्ड उघडून बघा. इन्सुलिनचा डोस, स्टिरॉइडची शेवटची तारीख, आणि ते बंद झाल्यावर इन्सुलिन किती करायचं, ही तिन्ही त्यावर लिहिलेली नसतील तर नानांना म्हणा अजून अर्धा तास बसा, आणि काउंटरवरून परत वर जाऊन लिहून घ्या.